टेलिस्कोपिक मास्टच्या झिजलेल्या बेअरिंग पट्ट्या बदलायच्या कशा: मोजमापापासून लोड टेस्टपर्यंत

टेलिस्कोपिक मास्ट म्हणजे एकात एक सरकून उंच होणारा खांब. त्याच्या प्रत्येक तुकड्याला सेक्शन म्हणतात आणि सेक्शन एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकच्या बेअरिंग पट्ट्या असतात. सगळ्यात जास्त होणारी चूक आधीच सांगतो. मास्ट डोलायला लागतो, कोणीतरी बॅटरी मारून फटीत बघतं, वरच्या तोंडाशी एक पट्टी झिजलेली दिसते, तेवढी एक काढून नवी बसवतात आणि पंधरा दिवसांत मास्ट परत डोलतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे वर जाताना अडकायला लागतो. मग खापर फुटतं पट्टीच्या क्वालिटीवर. पट्टी बिचारी बरोबरच असते, चुकलेलं असतं मोजमाप, नाहीतर मोजमाप केलेलंच नसतं.

इथे जे लिहितोय ते अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी किंवा खाचांच्या सेक्शनवाल्या, चेन किंवा वायर रोपने उचलल्या जाणाऱ्या मास्टबद्दल आहे, म्हणजे माणूस उचलणारी छोटी लिफ्ट, सामान उचलणारा मास्ट, लाइट किंवा कॅमेऱ्याचा मास्ट वगैरे. हवेवर चालणाऱ्या मास्टमध्ये सील आणि कॉलरची भानगड वेगळी असते, पण पट्टी मोजायची, कापायची आणि शिम (पट्टीखाली फट भरायला घालायचा पातळ पत्रा) करायची पद्धत बरीचशी हीच. तुमच्या मशीनचं मॅन्युअल आणि हा लेख यांच्यात फरक पडला तर मॅन्युअलचं ऐका.

## आधी बघा, दोष पट्टीचाच आहे का

मास्ट डोलतो म्हणजे पट्टी गेली असं लगेच धरून चालू नका. बेसचे बोल्ट ढिले, जमिनीवर टेकणारा एखादा पाय अधांतरी, चेन एका बाजूला जास्त ताणलेली, यातलं काहीही असलं तरी वरून डोलणं सारखंच दिसतं. पहिल्यांदा बेस लेव्हलला आणा, बोल्ट पान्याने तपासा आणि मगच मास्टकडे वळा.

पट्टीच्या झिजेच्या खुणा तशा ओळखू येतात. सेक्शनवर उभ्या काळपट रेघा, तोंडाशी जमलेला बारीक भुगा (पांढरा भुगा पट्टीचा, काळा-करडा असेल तर अ‍ॅल्युमिनियम घासतंय), दिशा बदलताना येणारा 'टक' असा आवाज आणि रिकामा मास्ट खाली येताना मधेच थबकून मग झटक्याने सुटणं. काळा भुगा दिसला तर मशीन तिथेच थांबवा, कारण पट्टी संपून धातूवर धातू घासायला लागलेलं असतं आणि आता प्रत्येक फेरीला सेक्शन खराब होतोय.

थोडंसं गणित बघा म्हणजे एवढ्याशा फटीला इतकं महत्त्व का ते कळेल. समजा एका जोडात आतला सेक्शन बाहेरच्यात ४०० मिमी शिरलेला राहतो आणि एकूण फट १ मिमी आहे. म्हणजे तो सेक्शन दर मीटरला अडीच मिमी कलू शकतो. असे तीन जोड आहेत आणि प्रत्येक सेक्शन २ मीटर बाहेर येतो असं धरा. सगळ्यात खालच्या जोडाच्या वर ६ मीटर उंची आहे, तिथलं कलणं टोकाला १५ मिमी होतं, मधल्याचं १०, वरच्याचं ५, बेरीज ३० मिमी. एकेका मिमीच्या फटीतून टोकाला तीन सेंटिमीटर! आणि यातला अर्धा वाटा सगळ्यात खालच्या जोडाचा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही कारण डोलणं दिसतं ते वर.

## टप्पा १: खोलायच्या आधीच सगळं मोजून लिहून ठेवा

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

१. मास्ट थोडाच उचला, पहिला जोड हाताच्या उंचीवर दिसेल इतकाच. मास्टला लॉकिंग पिन असेल तर ती घाला, नसेल तर सेक्शनखाली टेकू द्या, आणि मेन स्विच बंद करा. मगच फटीजवळ हात न्या.

२. प्रत्येक जोडाच्या चारही बाजूंना फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) घालून फट मोजा आणि लिहा. समोर, मागे, डावी, उजवी. कागदावर चौकोन काढून चार बाजूंना चार आकडे लिहिले की पुरे, त्यासाठी एक्सेल शीट लागत नाही.

३. फट मोजताना सेक्शन एका बाजूला दाबून धरा, नाहीतर दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी फट दिसते आणि वाटतं सगळं ठीक आहे. एकूण फट म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज.

४. चेनही आत्ताच मोजून घ्या. ताणलेल्या चेनचे २० पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर म्हणजे एक पिच) मोजायचे. १२.७ मिमी पिचची चेन असेल तर नवीन असताना ते २५४ मिमी भरतात, आणि लीफ चेनला (पात्यांच्या थरांची, भार उचलायची चेन) सर्वसाधारणपणे धरली जाणारी ३ टक्क्यांची मर्यादा लावली तर २६१.६ मिमीला चेन बाद. मास्ट खोलल्यावरच चेन बदलणं सोपं असतं, म्हणून हा आकडा आत्ता हवा.

५. मोबाइलने फोटो काढा, पण नुसते जवळून नको. चेन कुठून कुठे जाते, केबल कुठल्या क्लिपमध्ये आहे, पुलीची कुठली बाजू बाहेर आहे हे लांबून आणि जवळून दोन्ही घ्या. जोडताना तुम्हाला हमखास वाटतं की हे लक्षात राहील. राहत नाही.

तपासा: कागदावर प्रत्येक जोडाचे चार आकडे आहेत का? एखाद्या बाजूला 'फीलर जात नाही' असं असेल तर तेही लिहा, ती माहितीसुद्धा तितकीच कामाची.

## टप्पा २: सामान, आणि कुठल्या प्लास्टिकची पट्टी

कंपनीची मूळ पट्टी मिळत असेल तर विषय संपला, तीच घ्या. मिळत नसेल आणि शीट आणून कापायची असेल तर निदान मटेरियल काय आहे ते समजून घ्या, कारण 'पांढरं प्लास्टिक' म्हणून जे मिळतं ते वेगवेगळ्या प्रकारचं असू शकतं.

नायलॉन मजबूत आहे, भार चांगला सोसतं, पण पाणी पितं. साधं नायलॉन ६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषतं आणि मापात साधारण २-३ टक्के फुगतं. ६ मिमीच्या पट्टीला म्हणजे ०.१२ ते ०.१८ मिमी, आणि समोरासमोर दोन पट्ट्या म्हटल्यावर ०.३६ पर्यंत फट गायब. उघड्यावर पावसात उभ्या राहणाऱ्या मास्टला ही गोष्ट भारी पडते.

यूएचएमडब्ल्यू (अति-उच्च रेणुभाराचं) पॉलिथिन पाणी जवळजवळ घेतच नाही, घसरण उत्तम, पण मऊ आहे आणि उष्णतेने खूप वाढतं. एक मीटरची पट्टी २० अंश तापमानवाढीला ३ ते ४ मिमी लांब होते, तेवढ्याच तापमानाला अ‍ॅल्युमिनियम जेमतेम अर्धा मिमी वाढतं. हा फरक लक्षात ठेवा, कापताना कामी येणार आहे.

अ‍ॅसिटल, म्हणजे बाजारात ज्याला डेलरिन म्हणतात, ते कडक, मापात स्थिर, पाणी फार कमी घेतं. छोट्या पॅडसाठी मला स्वतःला हेच आवडतं. लांब पट्टीसाठी मात्र यूएचएमडब्ल्यू, कारण सेक्शन थोडासा वाकडा असला तरी ते सांभाळून घेतं.

बाकी सामान असं: व्हर्नियर, फीलर गेज, स्टेनलेस शिम वेगवेगळ्या जाडीच्या (०.१, ०.२, ०.५ मिमी असल्या की बहुतेक काम भागतं), बारीक कानस, गुण्या, धारदार पटाशी किंवा स्क्रॅपर ब्लेड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, न तंतू सुटणारं कापड, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), नवीन स्क्रू, आणि स्प्रिंगचा वजनकाटा. वजनकाटा कशाला ते पुढे येईल.

स्क्रू नवेच घ्या. जुन्या काउंटरसंक (डोकं आत बुडवून बसणाऱ्या) स्क्रूचं डोकं एकदा पान्याने खाल्लं की परत खोलताना ड्रिल मारावं लागतं.

## टप्पा ३: मास्ट सुरक्षित करणं

इशारा: मास्ट पूर्ण खाली आला म्हणजे त्यातला जोर संपला असं नसतं. चेनमध्ये ताण असतो, काहींमध्ये स्प्रिंग किंवा गॅस स्प्रिंग असते, हायड्रॉलिकमध्ये दाब अडकलेला असतो, हवेच्या मास्टमध्ये हवा.

१. मास्ट पूर्ण खाली घ्या. वरचा प्लॅटफॉर्म, लाइट, कॅमेरा जे असेल ते उतरवा.

२. पॉवर तोडा, बॅटरीची वायर काढा, स्विचला कुलूप आणि टॅग लावा. चावी खिशात.

३. दाब सोडा. हायड्रॉलिक असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या व्हॉल्व्हने, हवा असेल तर ड्रेनने, आणि गेज शून्यावर आलाय हे डोळ्यांनी बघा.

४. मास्ट आडवा घेऊन काम करणार असाल तर दोन मजबूत स्टँडवर, मध्ये लाकडी ठोकळे घालून ठेवा. आडव्या मास्टचे आतले सेक्शन सटकन घरंगळत बाहेर येतात, विशेषतः थोडा जरी उतार असला तरी. दोन्ही टोकांना पट्टा बांधा.

माणसं उचलणारं मशीन असेल तर एक गोष्ट स्पष्ट: काम झाल्यावर अधिकृत, प्रशिक्षित माणसाने तपासून सही केल्याशिवाय कोणीही त्यावर चढायचं नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही.

## टप्पा ४: सेक्शन बाहेर काढणं

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वरच्या तोंडाच्या पट्ट्या बऱ्याच मास्टमध्ये बाहेरून स्क्रू काढून निघतात, म्हणून लोक तेवढ्याच बदलतात. पण आतल्या सेक्शनच्या खालच्या टोकालाही पट्ट्या असतात आणि त्या सेक्शन बाहेर काढल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत.

भार समोरच्या बाजूला लटकलेला असतो तेव्हा आतला सेक्शन पुढे झुकतो. म्हणजे बाहेरच्या सेक्शनच्या वरच्या तोंडाशी दाब येतो समोरच्या पट्टीवर, आणि आतल्या सेक्शनच्या खालच्या टोकाशी दाब येतो मागच्या पट्टीवर. तिरकी जोडी. फक्त समोरची वरची पट्टी बदलली की अर्धीच फट भरते आणि वर मास्ट अजूनही पुढे कललेलाच राहतो, कारण खालची मागची पट्टी अजून झिजलेलीच आहे.

१. चेनचे अँकर बोल्ट सोडण्याआधी चेकनटच्या (बोल्ट ढिला होऊ न देणारा नट) बाहेर किती आटे आहेत ते मोजा, मार्करने रेघ मारा.

२. चेन सोडताना ती आत घरंगळून जाऊ देऊ नका, टोकाला तार बांधून ठेवा.

३. केबल क्लिपमधून मोकळी करा. गुंडाळी केबल असेल तर तिला ताणून ठेवू नका.

४. प्रत्येक सेक्शनवर मार्करने नंबर आणि 'समोर' लिहा. सगळे सेक्शन सारखे दिसतात, पण १८० अंश उलटा घातला तर चेनची पुली चुकीच्या बाजूला येते.

५. सगळ्यात आतला सेक्शन सरळ रेषेत ओढा. अडकला तर हातोडी नको, परत आत ढकला, हलकं फिरवा, परत ओढा.

## टप्पा ५: जुनी पट्टी फेकायच्या आधी वाचा

जुनी पट्टी काढली की लगेच डब्यात टाकायची घाई करू नका, तिच्यावर सगळा इतिहास लिहिलेला असतो. प्रत्येक पट्टीवर जागा लिहा (सेक्शन २, समोर, वर असं) आणि व्हर्नियरने दोन्ही टोकांना आणि मध्ये जाडी मोजा.

मूळ जाडी कळत नसेल तर स्क्रूच्या डोक्याखालची किंवा खाचेत झाकलेली, न घासलेली कडा मोजा. मॅन्युअलला मर्यादा दिलेली असते. नसेल तर मी सरळ धरतो की स्क्रूचं डोकं आणि पट्टीचा पृष्ठभाग यात अर्धा मिमीपेक्षा कमी अंतर राहिलं की पट्टी बाद, कारण डोकं वर आलं की ते सेक्शनला रंध्यासारखं सोलत जातं.

झीज पाचरीसारखी, म्हणजे एका टोकाला जास्त, असेल तर ती भाराच्या कलण्यामुळे आहे आणि साधीच गोष्ट आहे. डाव्या-उजव्यांपैकी एकाच बाजूच्या सगळ्या पट्ट्या जास्त झिजल्या असतील तर बेस लेव्हलला नव्हता किंवा दोन चेनपैकी एक जास्त ताणलेली होती. पट्टीत चकचकीत धातूचे कण रुतलेले दिसले तर सेक्शनच्या पृष्ठभागावर बुर (धातूची उठलेली धारदार कड) आहे, तो शोधला नाही तर नवीन पट्टीचंही तेच होणार.

आणि बदलताना एका जोडाच्या सगळ्या बदला. तीन जुन्या आणि एक नवी असं ठेवलं की नवीनवर सगळा भार येतो आणि तीच आधी जाते.

## टप्पा ६: खाच आणि घासणारी बाजू साफ करणं

जुना गोंद असेल तर प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढा, मग अल्कोहोलने पुसा. खाचेच्या कोपऱ्यात जमलेली ग्रीस-धुळीची पेस्ट पटाशीच्या टोकाने खरवडावी लागते, नुसत्या पुसण्याने जात नाही, आणि तिथे दशांश दोन मिमीचा थर राहिला तर तुमचं सगळं शिमचं गणित तेवढ्याने चुकतं.

ज्या पृष्ठभागावर पट्टी घासते त्यावरून नखाचं टोक फिरवा. नख अडकलं तर तिथे बुर किंवा ओरखडा आहे. उंच आलेला भाग बारीक कानशीने लांबीच्या दिशेनेच उतरवा, आडवं घासायचं नाही. खोलगट ओरखडा भरून काढायच्या फंदात पडू नका, कडा बोथट केल्या की पुरे.

इशारा: अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचा काथ्या लावू नका. स्टीलचे बारीक तुकडे त्यात रुततात, गंजतात आणि मग पट्टी खातात. नायलॉनचं घासणं वापरा.

स्क्रूचे आटे खाल्लेले असतील तर आत्ताच थ्रेड इन्सर्ट (भोकात नवे आटे देणारा धातूचा छोटा तुकडा) बसवा. मोठा स्क्रू ठोकून बसवण्याचा मोह होतो, पण त्याचं डोकं पट्टीच्या काउंटरसंकमध्ये मावत नाही आणि वर राहतं. हे मी स्वतः करून बसलोय: एम ५ च्या जागी एम ६ मारला, वाटलं डोकं बसलंय, पण बसलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आतल्या सेक्शनवर दोन मीटर लांब चर पडला होता, अगदी शासकीय आखणी केल्यासारखा सरळ.

## टप्पा ७: नवीन पट्टी कापणं आणि कडा घासणं

१. लांबी खाचेच्या पूर्ण लांबीएवढी कापू नका. यूएचएमडब्ल्यूच्या एक मीटरच्या पट्टीला एकूण ५ मिमी मोकळी जागा ठेवा, छोट्या पॅडला अर्धा-एक मिमी. थंडीत घट्ट बसवलेली पट्टी उन्हाळ्यात वाढते, तिला जायला जागा नसते आणि मग मध्येच फुगून वर येते.

२. याच कारणासाठी लांब पट्टीला एका ठिकाणी घट्ट स्क्रू आणि बाकी ठिकाणी थोडी लांबट भोकं.

३. बारीक दातांच्या करवतीने कापा. कापल्यावर कडेला जे केस उभे राहतात ते ब्लेडने खरवडून काढा.

४. सँडपेपर वापरू नका. त्याचे कण मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसतात आणि तुमची पट्टीच सँडपेपर होते. जाडी कमी करायची असेल तर मशीनवर प्लेन करून घ्या किंवा स्क्रॅपर ब्लेड.

५. सेक्शन ज्या दिशेने आत शिरतो त्या दोन्ही टोकांना उतार द्या, टोकापासून ८-१० मिमी लांब आणि दीड-दोन मिमी खोल. हा उतार नसला तर सेक्शन शिरताना पट्टीची कडा सोलून काढतो.

६. काउंटरसंक एवढं खोल की स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या किमान दीड मिमी खाली राहील. भोकाखाली पट्टीची पुरेशी जाडी उरतेय का ते बघा, उरत नसेल तर पट्टी जाड हवी.

नायलॉन असेल तर आणल्या आणल्या बसवू नका. जमतील तितके जास्त दिवस जिथे मशीन चालणार तिथल्या हवेत उघडी ठेवा आणि मग जाडी मोजा.

## टप्पा ८: शिमचं गणित

सगळं काम इथे जुळतं किंवा बिघडतं.

बाहेरच्या सेक्शनच्या एका खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंत अंतर मोजा, त्यातून आतल्या सेक्शनची रुंदी वजा करा. उदाहरणार्थ उरले १३.६ मिमी. ६ मिमीच्या दोन पट्ट्या म्हणजे १२ मिमी. राहिले १.६. मॅन्युअलमध्ये एकूण फट ०.६ सांगितली असेल तर शिम हवी १.० मिमीची, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.५ - ०.५.

आतल्या सेक्शनची रुंदी एका ठिकाणी मोजून थांबू नका. पूर्ण लांबीवर निदान पाच ठिकाणी मोजा, साच्यातून दाबून काढलेल्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनमध्येही एक-दोन दशांश मिमीचा फरक सापडतो, आणि गणितात सगळ्यात जाड जागेचा आकडा घ्या. सरासरी घेतली की मास्ट एका ठराविक उंचीला दरवेळी अडकतो आणि तुम्ही चेनला दोष देत बसता.

शिम दोन्ही बाजूंना सारखी वाटा. सगळी एकाच बाजूला टाकली तर फट बरोबर येते पण सेक्शन मध्यावरून सरकतो आणि पुली-चेन तिरकी चालते.

शिम स्टेनलेसची, पट्टीच्या पूर्ण रुंदीची आणि स्क्रूच्या भोकासकट कापलेली हवी. पेयाच्या डब्याचा पत्रा कापून शिम करणारे खूप बघितलेत, तो पत्रा जेमतेम ०.१ मिमीचा, चुरगळतो आणि सरकून बाहेर येतो. इन्सुलेशन टेप तर नकोच नको, दाबाखाली पसरतो.

गोंद लावायचा का? स्क्रूने किंवा खाचेने धरलेल्या पट्टीला नको. यूएचएमडब्ल्यूला साधा गोंद तसाही धरत नाही, एक बाजू खास प्रक्रिया केलेली मिळते तीच चिकटते.

स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळा, इम्पॅक्ट गनने नाही. जास्त आवळलं की पट्टी स्क्रूजवळ दबते आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फुगते. थ्रेडलॉकरचा एक थेंब धातूच्या आट्यात, पट्टीवर सांडू देऊ नका कारण काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

तपासा: सगळे स्क्रू आवळल्यावर पट्टीवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरून मागून बॅटरी मारा. मध्ये फुगवटा असेल तर दोन्ही टोकांखालून उजेड दिसेल, म्हणजे स्क्रू जास्त आवळलाय किंवा खाचेत कचरा राहिलाय.

## टप्पा ९: परत जोडणं

आतला सेक्शन हाताने सरकवत घाला आणि आता वजनकाटा काढा. सेक्शनला काटा अडकवून आडवा ओढा, पूर्ण लांबीभर, आणि किती किलोचा जोर लागतो ते बघा. नेमका आकडा सेक्शनच्या वजनावर अवलंबून असतो. आपल्याला बघायचं ते एवढंच की सुरुवातीपासून शेवटपर्यंत काटा साधारण एकाच जागी राहतोय का. एका ठिकाणी एकदम दुप्पट झाला तर तिथे सेक्शन जाड आहे किंवा पट्टीची कडा अडतेय. बाहेर काढा, पट्टीवर चकाकी कुठे आलीय ते बघा, नेमकं तिथेच खरवडा. एका जोडाला हे दोन-तीनदा करावं लागतं. कंटाळा येतो, पण मास्ट पूर्ण जोडून झाल्यावर हे कळलं तर अख्खा दिवस जातो.

ग्रीस लावू नका, मॅन्युअलने सांगितलं नसेल तर. ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच पेस्ट पट्टी खाते. फारच कोरडं वाटलं तर ड्राय टेफ्लॉन स्प्रे, तोही कापडावर मारून पुसायचा.

चेन मार्करच्या रेघेपर्यंत आणा, दोन चेन असतील तर दोन्हींचा ताण सारखा. हाताने मध्यावर दाबून सारखं दबतंय का ते बघा. चेकनट, स्प्लिट पिन, पुलीच्या क्लिप. स्प्लिट पिन नवीन घाला, जुनी सरळ करून परत वापरणं म्हणजे पाच रुपये वाचवून मास्ट पाडण्याची तयारी.

## टप्पा १०: चालवून बघणं

१. रिकामा मास्ट, कोणी खाली किंवा वर नाही, एक मीटर वर, एक मीटर खाली. आवाज ऐका.

२. मग पूर्ण उंचीपर्यंत दहा फेऱ्या. सेक्शन ठरलेल्या क्रमाने निघतायत का बघा. चेनवर सगळे एकदम हलणारे असतील तर सगळे एकदम हलले पाहिजेत.

३. पूर्ण वर असताना लांबून ओळंबा धरून दोन बाजूंनी बघा, समोरून आणि काटकोनात बाजूने. हे वारा नसलेल्या जागी करा.

४. खाली घ्या, पॉवर तोडा, फीलर गेजने परत चारही बाजू मोजा आणि टप्पा १ च्या कागदावर शेजारी लिहा.

५. अर्धा भार, पाच फेऱ्या. मग पूर्ण रेटेड (मशीनला ठरवून दिलेला कमाल) भार. भार म्हणजे वजनाची पोती किंवा लोखंडी वजनं, माणूस नव्हे. रेटेडच्या वर टाकून 'बघूया' असं करायचं नाही, मॅन्युअलमध्ये जास्त भाराची टेस्ट दिली असेल तरच आणि दिली आहे तेवढीच.

पहिल्या काही फेऱ्यांत थोडा भुगा पडतो, तो पट्टी बसतानाचा, पुसून टाका. पन्नास फेऱ्यांनंतरही पडतच असेल तर फट कमी आहे.

## तरीही त्रास होत असेल तर

वर जाताना झटके येतात पण खाली येताना नाही: बहुतेक वेळा एका जोडाची फट कमी आहे. कुठल्या उंचीला झटका येतो ते नोंदवा, त्यावरून कुठला जोड ते कळतं.

सकाळी बरोबर आणि दुपारी उन्हात घट्ट: टोकाला मोकळी जागा ठेवली नाही किंवा सगळे स्क्रू गोल भोकातून घट्ट आहेत. पट्टी फुगली आहे.

डोलणं आहे तेवढंच: खालच्या टोकाच्या पट्ट्या बदलल्या का? नाही ना.

मास्ट एका बाजूला कलून उभा: शिम एकाच बाजूला गेलीय, किंवा चेनचा ताण वेगळा. आधी चेन बघा, ते पाच मिनिटांचं काम आहे.

काम संपल्यावर प्रत्येक जोडाची शिम किती आणि कुठल्या बाजूला, तारीख, पट्टीचं मटेरियल हे एका कागदावर लिहून बेसच्या झाकणाच्या आत चिकटवा. आठ-दहा तास काम झाल्यावर एकदा सगळे स्क्रू आणि फट परत तपासा, नवीन पट्टी सुरुवातीला थोडी दबते, त्यामुळे फट ०.१ मिमीने वाढलेली दिसली तर घाबरू नका. ०.३ ने वाढली असेल तर मात्र परत खोला, स्क्रू ढिला झालाय किंवा शिम सरकलीय. तोपर्यंत जुन्या पट्ट्या फेकू नका, पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा.